डॉक्टर ग्रेसचा प्रवासखर्च

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो. १८७३ साली मेलबर्नच्या क्लबवाल्यांनी एका माणसाच्या हौसेचं मोल ठरवलं होतं. पंधराशे पौंड, वर जाण्यायेण्याचा आणि राहण्याखाण्याचा खर्च. तो माणूस म्हणजे इंग्लंडचा क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस. वय २५, काळीभोर दाढी, डॉक्टरकीचा अभ्यास अर्धवट आणि लग्नाला जेमतेम दोन आठवडे झालेले. नव्या नवरीला, अ‍ॅग्नेसला सोबत घेऊन तो ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढला. दौरा आणि मधुचंद्र एकाच तिकिटात उरकले. त्याच संघात सात व्यावसायिक खेळाडूही होते. त्यांना प्रत्येकी दीडशे पौंड आणि वरखर्चाला वीस, प्रवास दुसऱ्या वर्गाने. मैदानात सगळे एकत्र उतरत, पण कागदोपत्री पंधराशे घेणारा हौशी आणि एकशे सत्तर घेणारे पोटासाठी खेळणारे.

हा हिशोब पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, छापताना आकडे उलटेपालटे झाले असतील. पुन्हा वाचला. आकडे बरोबर होते, माझ्या डोक्यातला ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ चुकला होता.

दर वर्षी आयपीएलचा लिलाव झाला की कट्ट्यापासून अग्रलेखापर्यंत एक सुस्कारा ऐकू येतो. क्रिकेटचा बाजार झाला, पूर्वी लोक खेळाच्या प्रेमापोटी खेळायचे. हा सुस्कारा मीही टाकलेला आहे, दोन कप चहा होईपर्यंत लांबवलेलाही आहे. पण त्या ‘पूर्वी’चा पत्ता शोधत मागे गेलं की आपण व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात पोचतो, कारण हौशी क्रिकेटपटूला देव्हाऱ्यात बसवलं ते तिथे. त्या देव्हाऱ्यातली सगळ्यात मोठी मूर्ती ग्रेसची. तेव्हा त्याच्याच आधाराने सांगतो, पैशाविना चालणारं ते निर्मळ क्रिकेट शोधूनही सापडत नाही. सापडतो तो हिशोबावर टाकलेला पडदा. त्या पडद्याआड कोणी उभं राहायचं हे घराण्यावरून, शाळेवरून, बोलण्याच्या ढबीवरून ठरायचं.

त्या काळची मांडणी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. १८०६ पासून इंग्लंडात एक सामना होत असे, ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’. नावातच सगळं आलं. एका बाजूला सद्गृहस्थ, दुसऱ्या बाजूला नुसते खेळाडू. कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, एकाच संघात दोन्ही जातींचे लोक असत, पण त्यांच्या कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, अनेक मैदानांवर आत येण्याची फाटकंही वेगळी. कर्णधार सद्गृहस्थच असायचा, मग त्याला धड चेंडू अडवता येवो न येवो. व्यावसायिकाने हौशी माणसाला ‘मिस्टर’ किंवा ‘सर’ म्हणायचं. हौशी माणसाने व्यावसायिकाला नुसत्या आडनावाने हाक मारायची, आपल्याकडे साहेब लोक पट्टेवाल्याला मारत तशी. छापील धावफलकावरही हा भेद पाळलेला असे. सद्गृहस्थाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची आडनावानंतर. ही पद्धत किती चिवट होती याचा नमुना थेट १९५०च्या सुमाराचा आहे. लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर फ्रेड टिटमस नावाचा कोवळा पोरगा खेळायला निघाला आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की धावफलकात चूक आहे, ‘एफ. जे. टिटमस’च्या जागी ‘टिटमस, एफ. जे.’ असं वाचावं. दुसरं महायुद्ध होऊन गेलं होतं, भारत स्वतंत्र झाला होता, आणि लॉर्ड्सवर आद्याक्षरं योग्य जागी बसवण्याचं काम चालू होतं.

आपल्या भाषेतही हा वास शिल्लक आहे. जुन्या मराठी वृत्तपत्रांत ‘प्रोफेशनल’साठी शब्द असायचा धंदेवाईक. आज आपण ‘व्यावसायिक’ म्हणतो आणि मान देतो. ‘धंदेवाईक’ म्हणताना मात्र नाक थोडं वर जातंच.

या मांडणीत ग्रेस कुठे बसत होता? खरं तर कुठेच नाही. ब्रिस्टलजवळच्या डाउनएंड गावात १८ जुलै १८४८ रोजी त्याचा जन्म झाला. बाप गावचा डॉक्टर, घर क्रिकेटने झपाटलेलं, घरालगतच्या फळबागेत खेळपट्टी, आई मार्था सगळ्या मुलांच्या फलंदाजीवर तज्ज्ञासारखी टिप्पणी करणारी. पण जमीनजुमला नाही, वडिलोपार्जित उत्पन्न नाही, ईटन-हॅरोसारखी बड्यांची शाळा नाही, ऑक्सफर्ड-केंब्रिज नाही. खाऊनपिऊन सुखी मध्यमवर्गीय घर. अशा घरातल्या मुलाने उन्हाळाभर गावोगाव क्रिकेट खेळत हिंडायचं म्हणजे पैसे कुठून तरी यायला हवेत. धंदेवाईक व्हावं तर डॉक्टरच्या मुलाची अब्रू जाते, खरा हौशी व्हावं तर खिसा रिकामा.

लॉर्ड्सच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबलाही, म्हणजे खेळाची सूत्रं हलवणाऱ्या एमसीसीलाही त्याची गरज होती. ग्रेस येण्यापूर्वी कित्येक वर्षं जंटलमेनचा संघ प्लेअर्सकडून सपाटून मार खात होता. सद्गृहस्थांचं श्रेष्ठत्व मैदानावर रोज खोटं ठरत होतं. मग हा दांडगा पोरगा आला आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं प्लेअर्सना विजय क्वचितच मिळाला. १८६६ मध्ये अठराव्या वर्षी त्याने लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे कौंटीविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या आणि सामना चालू असतानाच कर्णधाराची परवानगी घेऊन क्रिस्टल पॅलेसला जाऊन अडथळ्यांची शर्यत जिंकून आला. १८७१ च्या मोसमात २,७३९ धावा, सरासरी ७८.२५, तीही अशा खेळपट्ट्यांवर जिथे चेंडू कधी नाकाशी तर कधी घोट्याशी येई. ऑगस्ट १८७६ मध्ये आठच दिवसांत ३४४, १७७ आणि नाबाद ३१८. असा माणूस धंदेवाईकांच्या फाटकातून आत आला असता तर जंटलमेन-प्लेअर्स सामन्यात बघण्यासारखं काय उरलं असतं? १८६९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, एमसीसीने त्याला सभासद करून घेतलं. सद्गृहस्थपणा असा बहाल करता येतो, फक्त समोरच्याचा उपयोग असावा लागतो.

उपयोग किती, ते फाटकावरच्या पाट्या सांगत. प्रवेश सहा पेन्स, डॉ. ग्रेस खेळणार असतील तर एक शिलिंग. म्हणजे दाम दुप्पट. ग्रेस त्रिफळाचीत झाला, त्याने बेल्स उचलून पुन्हा यष्टींवर ठेवल्या आणि पंचाला म्हणाला, लोक माझी फलंदाजी बघायला आलेत, तुमचं पंचगिरीचं कौशल्य नाही, ही गोष्ट बहुधा दंतकथा असेल. पण ती चिकटली याचं कारण त्या पाटीत आहे. लोक खरोखरच त्याच्यासाठी शिलिंग मोजून आलेले असत.

दुप्पट गल्ला ज्याच्यामुळे जमतो त्याला त्यातला वाटा मिळावा, यात गैर काहीच नाही. गैर होतं ते वाटा देण्याची रीत. १८७८ च्या अखेरीस एमसीसीने ठरावच केला की सद्गृहस्थाने क्रिकेटमधून नफा कमावता कामा नये. सामन्यासाठी झालेल्या खर्चापेक्षा जास्त घेणाऱ्याला लॉर्ड्सवर जंटलमेनच्या संघात जागा नाही. वाचायला कडक. पण ‘खर्च’ म्हणजे काय, याची व्याख्या सोयीस्करपणे मोकळी ठेवलेली. रेल्वेचं भाडं खर्च, हॉटेल खर्च, जेवणासोबतची शॅम्पेन खर्च. ग्रेस डॉक्टर झाल्यावर मोसमात त्याचा दवाखाना सांभाळायला बदली डॉक्टर ठेवावा लागे, त्याचा कौंटी क्लब ग्लॉस्टरशायर त्याचेही पैसे मोजी, आणि तोही खर्चच. क्लबचा सचिव कोण? ग्रेसचा थोरला भाऊ ई. एम. घरचंच खातं. १८७८ मध्ये ओव्हलवरच्या सामन्याचं ग्लॉस्टरशायरचं बिल सरे क्लबच्या डोळ्यांत आलं, बोंब झाली, सभासदांची सभा भरली, आरडाओरडा झाला आणि ई. एम. पुढे आणखी तीस वर्षं सचिव राहिला.

दुसरी रीत नोकरीची. सरेचा वॉल्टर रीड हौशी, पण क्लबचा सहायक सचिव म्हणून पगार घेणारा. लँकशायरचा आर्ची मॅक्लारेन तसाच. सचिवाने काय लिहायचं, कधी लिहायचं, हे कोणी विचारायचं नाही. खुद्द ग्रेसने १८९९ मध्ये ग्लॉस्टरशायरशी भांडून लंडन कौंटी नावाच्या नव्या क्लबची सूत्रं घेतली तेव्हा त्याला वर्षाला सहाशे पौंड ठरले. सचिव आणि व्यवस्थापक म्हणून, अर्थात. फलंदाजीचे नाहीत.

तिसरी रीत सत्काराची, आणि तिथे तर कळसच झाला. १८९५ साली ग्रेस ४६ वर्षांचा होता. पोट सुटलेलं, पळणं मंदावलेलं, लोकांनी मनातल्या मनात निरोपही दिलेला. मे महिन्यात गडी पेटला. ब्रिस्टलला सॉमरसेटविरुद्ध २८८ करून शतकांचं शतक पुरं केलं, आणि मोसमातला पहिला सामना ९ मेला खेळूनही ३० मेपर्यंत हजार धावा काढल्या. इंग्लंड वेडं झालं. ‘डेली टेलिग्राफ’ने वाचकांना आवाहन केलं, प्रत्येकी एक शिलिंग पाठवा. एका पौंडाचे वीस शिलिंग, आणि या एका वर्तमानपत्राच्या निधीतच पाच हजार पौंडांच्या वर जमले. म्हणजे लाखभर शिलिंग. टपालहशील भरून शिलिंग पाठवणाऱ्यांत कारकून होते, शाळकरी पोरं होती. एमसीसी आणि ग्लॉस्टरशायर यांचे निधी धरून एकूण रक्कम ९,०७३ पौंडांच्या घरात गेली. मला या लोकांचं मन समजतं. सचिन निवृत्त झाला तेव्हा कोणी एक रुपयाचा निधी काढला असता तर मीही रांगेत उभा राहिलो असतो. पण आकडा लक्षात ठेवा. नऊ हजार त्र्याहत्तर. घेणारा हौशी.

आता पुढच्याच वर्षात या. ऑगस्ट १८९६. ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका १-१ अशी बरोबरीत, निर्णायक कसोटी ओव्हलवर, इंग्लंडचा कर्णधार ग्रेस. सामन्याला काही दिवस उरले असताना पाच व्यावसायिकांनी पत्र धाडलं. जॉर्ज लोहमन, टॉम रिचर्डसन, बॉबी एबल, टॉम हेवर्ड आणि विल्यम गन. मागणी साधी होती. कसोटीचे दहा पौंड मिळतात, वीस द्या. त्या सामन्याला हजारो लोक फाटकावर पैसे मोजून येणार होते. पाच जणांची दहा-दहा पौंडांची वाढ म्हणजे पन्नास पौंड. ओव्हलच्या गल्ल्यात ते कुठे गेले हे कळलंही नसतं.

ओव्हलचं मैदान ज्याचं, त्या सरे क्लबने मागणी फेटाळली. वर्तमानपत्रांत साहजिकच दुसरा प्रश्न निघाला, मग ग्रेसला किती देता? यावर सरेच्या समितीने जे निवेदन काढलं ते व्हिक्टोरियन ढोंगाचा अस्सल नमुना म्हणून शाळेत शिकवावं. ग्रेसला भरमसाट पैसे दिल्याच्या बातम्या साफ खोट्या आहेत, असं ते सांगतं. मग काय दिलं जातं? लंडनला येण्याचा आणि तीन दिवस राहण्याचा खर्च म्हणून दर सामन्याला दहा पौंड. म्हणजे व्यावसायिकाला सामन्याची मजुरी दहा, त्यातूनच त्याने गाडीभाडं, खाणावळ, बॅट, बूट भागवायचे. आणि हौशी माणसाला जाण्यायेण्याचे दहा. ब्रिस्टल ते लंडन. निवेदन काढणाऱ्यांना यात विसंगती दिसलीच नाही, आणि तेच मला सगळ्यात बोलकं वाटतं. खोटं लपवण्यासाठी ते धडपडत नव्हते. त्यांच्या लेखी ते खोटं नव्हतंच.

एबल, हेवर्ड आणि रिचर्डसन यांनी मागणी मागे घेतली आणि ते खेळले. लोहमन आणि गन खेळले नाहीत. इंग्लंड जिंकलं. गन तीन वर्षांनी पुन्हा कसोटी खेळला. लोहमन मात्र इंग्लंडसाठी परत कधीच खेळला नाही, माफीचं पत्र लिहूनही. हा कोणी ऐरागैरा नव्हता. १८ कसोटींत ११२ बळी, सरासरी १०.७५, इतक्या बळींना इतकी कमी सरासरी कसोटी इतिहासात कोणाचीच नाही. क्षयाने आधीच पोखरलेला होता, हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेला जायचा, तिथेच १९०१ मध्ये ३६ व्या वर्षी वारला. १८९९ च्या मालिकेत व्यावसायिकांना कसोटीचे वीस पौंड मिळू लागले होते. मागणी रास्त होती, मागणाऱ्याची जागा चुकली होती.

ग्रेसच्या घरातच याहून बोचरी गोष्ट आहे. क्रिकेटच्या पुस्तकांत ती बहुतेक तळटीपेत असते. वॉल्टर गिल्बर्ट हा त्याचा चुलत-मावस नात्यातला भाऊ, उत्तम खेळाडू, ग्लॉस्टरशायरचा, हौशी. १८७३च्या त्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तोही होता, सद्गृहस्थांच्या बाजूला. पण गिल्बर्ट म्हणजे ग्रेस नव्हे. त्याच्यासाठी कोणी फाटकावर दाम दुप्पट करत नव्हतं, बदली डॉक्टर ठेवत नव्हतं, शिलिंगचा निधी काढत नव्हतं. हौशीपणाचा डामडौल मात्र पूर्ण सांभाळायचा. शेवटी १८८६ मध्ये त्याने हात टेकले आणि आपण व्यावसायिक झाल्याचं जाहीर केलं. त्या काळात ही पायरी उतरणं म्हणजे गावात तोंड दाखवायची चोरी. काही आठवड्यांतच चेल्टनहॅमला एका सामन्यात कपडे बदलायच्या खोलीतून दुसऱ्यांचे पैसे चोरताना तो पकडला गेला. २८ दिवसांची सक्तमजुरी झाली. सुटल्यावर तो कॅनडाला निघून गेला आणि १९२४ मध्ये तिथेच, कॅलगरीत वारला.

चोरीचं समर्थन करायचं नाही. पण एकाच कुळातले दोघे, एकाच बोटीतून गेलेले. एकाचा खिसा समाजाने स्वतः येऊन भरला आणि त्याला नाव दिलं सन्मान. दुसऱ्याने मजुरी मागायचं ठरवलं तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेलं नव्हतं. हौशीपणाच्या गौरवगाथा लिहिणाऱ्यांनी गिल्बर्टलाही एक परिच्छेद द्यायला हवा.

इथवर वाचून ग्रेस हा लबाड म्हातारा म्हणून निकालात काढावासा वाटेल. मी काढणार नाही. १८८७ मध्ये मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डवर क्रूम नावाचा त्याचा सहकारी चेंडूमागे धावताना कुंपणाच्या लोखंडी गजावर आदळला आणि गज गळ्यात घुसला. टाके घालायची सुई येईपर्यंत ग्रेसने जखमेच्या कडा आपल्या बोटांनी घट्ट धरून ठेवल्या, जवळपास अर्धा तास, जराही हात न हलवता. एवढ्या वेळात हात ढिला पडला असता तर पोरगा गेला असता. क्रूम पुढे चांगला जगला, क्रिकेटवर लिहीतही राहिला. ब्रिस्टलच्या स्टेपलटन रोडवर, गरीब वस्तीत, ग्रेसचा दवाखाना होता आणि ज्यांच्याकडे पैसे नसत त्यांच्याकडून तो मागत नसे, असं त्याच्या रुग्णांनी सांगून ठेवलं आहे. खेळाचं वेड तर अस्सलच. धंदेवाईकांचा संप झाला त्या आठवड्यात त्याने त्यांची बाजू घेतली नाही हे खरं, पण ज्या व्यवस्थेत तो होता ती त्याने बनवलेली नव्हती. त्याने तिच्या फटीत हात घालून आपला वाटा काढून घेतला, एवढंच. तो त्याचा हक्काचाच होता. माझी तक्रार वाट्याबद्दल नाही, त्याला ‘गाडीभाडं’ म्हणण्याबद्दल आहे. कारण ग्रेसच्या पैशाला गाडीभाडं म्हटलं नसतं तर लोहमनच्या दहा पौंडांचं समर्थन करता आलं नसतं.

हौशी माणूस पैशासाठी खेळत नाही, म्हणून तो सचोटीने खेळतो, हाही एक आवडता युक्तिवाद आहे. १८८२ चा ओव्हल आठवा, जिथून पुढे ‘अ‍ॅशेस’चं प्रकरण सुरू झालं. ऑस्ट्रेलियाचा कोवळा सॅमी जोन्स धाव पूर्ण करून खेळपट्टी थोपटायला क्रीजबाहेर आला. चेंडू खेळात नाही अशी त्याची समजूत. ग्रेसने शांतपणे बेल्स उडवल्या आणि अपील केलं. नियमाने बाद, रीतीने छी:थू. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ याचं डोकं फिरलं, त्याने दुसऱ्या डावात सात बळी घेतले आणि इंग्लंड सात धावांनी हरलं. हे सगळं सद्गृहस्थांच्या मुकुटमण्याने केलं. सचोटी पाकिटाच्या जाडीवर अवलंबून नसते, जाड असो की बारीक.

या व्यवस्थेवर मनापासून श्रद्धा असणारे लोकही होते. लॉर्ड हॅरिस त्यांतला. इंग्लंडचा कर्णधार, केंटचा सर्वेसर्वा, पुढे १८९० ते १८९५ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. जहागीरदारच असल्याने त्याला कोणाकडे खर्चाचं बिल पाठवायची वेळ आली नाही. फुकट खेळण्याची नीती त्याला फुकटातच परवडत होती. मुंबईच्या जिमखान्यांना समुद्रकाठी जागा मिळाल्या त्या त्याच्याच कारकिर्दीच्या आगेमागे, पारशी वेगळा, मुसलमान वेगळा, हिंदू वेगळा. इंग्लंडात वर्गाची फाटकं, इथे धर्माची. १८८६ च्या उन्हाळ्यात, गिल्बर्ट तुरुंगात गेला त्याच उन्हाळ्यात, पारशांचा पहिला संघ इंग्लंडला गेला आणि लॉर्ड्सवर एमसीसीकडून खेळणाऱ्या ग्रेसने त्यांना फिरकीवर नाचवलं. ते सगळे खरोखर पदरमोड करून गेलेले. शब्दशः हौशी.

आणि त्याच सुमाराला आपल्या पुण्यात, अस्पृश्य मानलेल्या जातीतला पाळवणकर बाळू. महिना चार रुपयांवर जिमखान्याची खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, नेट बांधायचं आणि साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकायची. फलंदाजी कधी मिळायची नाही. पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्या डावखुऱ्या फिरकीशिवाय जिंकता येईना म्हणून संघात घेतलं, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचा तो कर्णधार कधी झाला नाही; तो मान १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला. लॉर्ड्सच्या वेगळ्या फाटकाची आणि या मातीच्या भांड्याची बरोबरी होत नाही, हे मला कळतं. धंदेवाईकाचा मुलगा शिकून सद्गृहस्थ होऊ शकत होता, बाळूच्या मुलाला ती सोय नव्हती. पण संघ जिंकायला ज्याचा हात लागतो त्याला पंगतीत मात्र लांब बसवायचं, ही युक्ती दोन्हीकडे सारखीच.

इंग्लंडात हा भेद कागदावरून गेला तो थेट १९६३ च्या सुरुवातीला. लेन हटन १९५२ मध्ये कर्णधार झाला तेव्हासुद्धा धंदेवाईक माणूस इंग्लंडचं नेतृत्व करणार म्हणून अनेकांचे चेहरे उतरले होते. आपल्याकडे तेव्हा मुंबईचं क्रिकेट बँका, रेल्वे आणि गिरण्यांच्या हजेरीपटावर चाललेलं. टेबलावर कोट टांगून नेटला जायचं. वॉल्टर रीडचा सहायक सचिव आणि आपला क्रीडा कोट्यातला कारकून ही सख्खी भावंडं आहेत. फरक इतकाच की आपल्या माणसाला त्या पगारात दादर-माटुंग्याला घर चालवायचं असे, त्यामुळे त्याच्याबद्दल मला राग नाही, प्रेमच आहे.

म्हणून लिलावाच्या दिवशी मी आता सुस्कारा टाकत नाही. हातोडा पडतो, आकडा पडद्यावर येतो, सगळ्या देशाला कळतो. त्यात उबग येण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो आकडा कोणी प्रवासखर्च म्हणून लपवत नाही, आणि शेजारच्या खेळाडूला आपल्याला किती कमी मिळाले हे मोजता येतं. लोहमनला एवढंच हवं होतं.

माझी काळजी दुसरीकडे आहे. ग्रेसच्या पैशाला जे नाव दिलं होतं, त्याचा मराठी अवतार आपण रोज वापरतो. मानधन. कवीला मानधन, व्याख्यात्याला मानधन, परीक्षकाला नारळ आणि पाकीट. मोठ्या माणसाला हा शब्द मखमलीसारखा, कारण घासाघीस करावी लागत नाही आणि मान शाबूत राहतो. तोच शब्द खाली उतरला की काय होतं? अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधन. वेतन म्हटलं तर वेतनाचे कायदे लागू होतील. २०२२ मध्ये सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा सरकारचा एक मुद्दा हाच होता की हे वेतन नव्हे, मानधन आहे. न्यायालयाने तो मानला नाही, ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. आशा तर कागदावर कर्मचारीही नाही, स्वयंसेविका. म्हणजे हौशीच. व्हिक्टोरियन इंग्लंडात हौशी ठरल्याने जास्त मिळायचं, आपण तोच शब्द उलटा करून कमी देण्यासाठी वापरला.

पल्स पोलिओच्या मोहिमेत आमच्या इमारतीत दरवर्षी एक आशाताई येतात. खांद्याला निळी पेटी, हातात खडू. घरात पाच वर्षांखालचं मूल आहे का विचारतात, दारावर खूण करतात, तारीख घालतात. गेल्या खेपेला लिफ्ट बंद होती. पाणी देताना मी सहज विचारलं, “ताई, या कामाचा पगार किती मिळतो?”

“पगार नाही हो दादा, मानधन.”

“बरं, मानधन. आणि इतकं लांबून येता, रिक्षाचे देतात का?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “ते आमचेच.” ग्लास परत दिला, खडू घेतला आणि चौथ्या मजल्याकडे निघाल्या.